मुद्रितशोधन

साडेनऊला पान पाच माझ्या टेबलावर आलं.
वरच्या वाड्यातल्या झरीला लाल पाणी,
खाणीच्या बांधाला भेग,
भातात गुडघाभर गाळ.
बातमीदार म्हाबळू, डिचोलीचा,
ऱ्हस्वदीर्घाचा जन्मजात वैरी.
त्याच्या झरीचा मी झरा केला,
गुढग्याचा गुडघा,
लाल पाण्याला हात लावला नाही.
माझं माहेर आहे ते.

दहाला पान परत आलं.
झरा होता तिथे मालक:
तीन कॉलम, हसरे, खांद्यावर शाल.
खाण त्यांची, बार्जी त्यांच्या, छापखाना त्यांचा,
वाढदिवसही त्यांचाच.
गप्प बस, असं मला कुणी म्हणालं नाही.
एवढंच म्हणाले, 'दीर्घायुष्य' तेवढं बघून घ्या.
बघितलं.
दी दीर्घ, यु ऱ्हस्व. बरोबर होतं.

मध्यरात्री फोन थरथरू लागला.
वाड्याच्या ग्रुपवर व्हिडिओ:
धरण फुटतंय, ट्रक काडेपेट्यांसारखे वाहतायत,
दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीतल्या कोण जाणे.
आमच्या वाड्यात दुकानच नाही.
खाली उल्का: आपल्याकडे! आत्ता!
मी लिहिलं, हे आपलं नव्हे. भेग आहे, फुटलेलं नाही.
तू पेपरात ना गं? उद्याच्या पेपरात आहे काही?
नाही.
नाही ना? मग खरंच असणार.

हे वाक्य मी चारदा वाचलं.
एकही चूक सापडेना.

पहाटेपर्यंत सगळा वाडा सातेरीच्या देवळात,
गुरं दाव्याला सोडून, गॅसची टाकी घेऊन.
भिसोमामा पायरीवरून घसरला, खुबा मोडला,
तेही कुठे छापून आलं नाही.
बांध होता तिथेच होता.
भेगही.
पण त्या रात्रीपासून भेग म्हटलं की लोक हसतात,
अफवेतच धरतात तिला.
मालकांना एक ओळही खर्च करावी लागली नाही.

आता मी सकाळी कायतानची वाट बघते.
पोदेर तो. सायकल, निळ्या प्लास्टिकखाली उंडे,
वळणावरूनच पोंय-पोंय.
वाडा करून मगच खाली उतरतो.
चार उंडे घेते, विचारते,
वयर उदक कशें आसा रे?
परवा म्हणाला, बरें.
आज म्हणाला, तांबडें.
मग एक पाय जमिनीला टेकून
बराच वेळ हँडलकडे बघत राहिला.
"हांव गेटीमेरेनच वतां, बाय.
ते फुडलें म्हाका खबर ना."

सुटे पैसे दिले. उंडे अजून गरम होते.
आत येऊन वहीत तारीख घातली, लिहिलं:
झर. तांबडी. गेटीपर्यंतची खबर.

झरीचा झरा केला नाही.