पदकाची मागची बाजू

चांदीला घाई नसते.
टोक टेकवायचं, श्वास धरायचा,
मग अक्षर आपण होऊन वळतं.
तीस वर्षं या फ्योर्डच्या काठी
मी लोकांची नावं कोरत बसले आहे.
लग्नातल्या चमच्यांवर, शवपेटीच्या पट्ट्यांवर,
आणि दर पाच वर्षांनी एकदा
दोन काठ जोडणाऱ्याच्या पदकावर.

या खेपेला समिती माझ्याच दुकानात भांडली,
सभागृहाची शेगडी बिघडली होती म्हणून.
यॉर्डिसबाईंनी नकाशा उलगडला :
सिल्ये, वय सत्तावीस. तिचा पूल
कागदावर एका उडीत पाण्यापलीकडे.
"बाळाचे पाय पाळण्यात दिसतात," त्या म्हणाल्या.
"पाय दिसतात," तोर्गाइर खोकला,
"चालणं नाही दिसत."

मग ओडवारचं नाव निघालं.
एकेचाळीस वर्षं त्याची फेरीबोट :
सुईणी, मेंढ्या, शाळेचा पियानो,
हिवाळ्यातली प्रेतं,
आणि एक पोरगी, जी बोटीवरच जन्मली
नि कुठल्या काठाची, हे अजून ठरलेलं नाही.
"त्याला काय द्यायचं?" कुणीसं म्हणालं,
"तो तर रोजच जातो-येतो."

मी बोलले नाही. कोरणाऱ्याला मत नसतं.
शिवाय माझ्या हातातलं हे हत्यार
चौदाव्या वर्षी म्हाताऱ्या सोनाराने मला दिलं,
तेव्हा मला सरळ रेघ येत नव्हती.
चाळीस पत्रे मी वाया घालवले.
एक्केचाळिसाव्याची तो वाट पाहत बसला,
कशाच्या भरवशावर, ते त्याने सांगितलं नाही
आणि आता विचारायला तो नाही.

तीन विरुद्ध दोन. सिल्ये.

रात्री ती आली, टोपीवर बर्फ घेऊन.
"किती खोल कोरता?"
केसाइतकं.
"आणि पूल झालाच नाही तर? घासून काढता येतं?"
येतं, म्हटलं. पण दर घासणीला
चांदी थोडी पातळ होते.
ती बराच वेळ कोऱ्या बाजूवर अंगठा फिरवत राहिली.
"क्रियापद कुठलं घालणार?"
ते मी अजून घातलं नव्हतं.
'जोडले'ला जागा होती, 'जोडील'लाही;
एवढ्याशा फरकासाठी
दोन दिवस हात अडला होता.
झाकली मूठ सव्वा लाखाची असते, खरं आहे,
पण ज्याची मूठ त्याला आतून कळतं
नाणी किती आणि घाम किती.

समारंभाला पाहुणे आले ते ओडवारच्याच बोटीने.
मी त्याच्याशेजारी उभी होते, डबी मांडीशी धरून.
त्याच्या बापालाही हे पदक मिळालं होतं,
बुडाल्यानंतर नऊ महिन्यांनी,
वरातीमागून घोडं.
आईने ते डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं.
"टेबल अजून हलत नाही," ओडवार म्हणाला,
आणि सुकाणू थोडं डावीकडे घेतलं.

त्याला सात वर्षं झाली.
पैसे संपले, सरकार बदललं, खडक पोचट निघाला,
ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो.
फ्योर्डच्या मधोमध एकच खांब उभा आहे.
त्यावर पाणकावळा पंख पसरून बसतो;
तूर्त पूल त्याचा.

क्रियापद मी कोरलंच नाही.
पदकावर एवढंच आहे : सिल्ये. दोन काठ.
पुढची जागा तशीच गुळगुळीत,
कधी लागली तर असावी म्हणून,
की माझी हिंमत झाली नाही म्हणून,
माझं मलाही नीट ठाऊक नाही.

दर शुक्रवारी ती पलीकडे जाते,
गुंडाळलेले नवे नकाशे काखेत.
बोट खांबाला वळसा घालते.
ओडवार तिकीट फाडतो.
सवलत ती मागत नाही,
तोही देत नाही.