क्लोरीनच्या बिलामागे

पाम स्प्रिंग्ज, एप्रिल. दिवसभर परक्यांचे तलाव उपसून
आता बिलाच्या पाठीवर लिहितोय:
सोमवार जोशुआ ट्री, सातला निघायचं.
मंगळवार केबलकार, वर बर्फ असेल, जॅकेटं.
बुधवार सॉल्टन सी
(मेलेल्या माशांचा वास. बघू.)

इत्झेल एकोणीसची, अन्सेल्मो सतरा.
वर्षाचे चार दिवस माझ्या वाट्याचे,
त्यातले निम्मे ते झोपतात.

अकराला दार किलकिलं होतं.
"अपा, पारा शंभरावर गेलाय.
आणि ते दगड पाहिलेत की आपण."

पाहिलेत. तेव्हा हा माझ्या खांद्यावर होता,
दिसेल त्या दगडाचं बारसं करत:
म्हातारी, पाव, आजोबांचा बूट.

सोमवार खोडला.
मंगळवार आपोआप गेला.

बुधवारी रात्री एकला इत्झेल म्हणाली, किल्ली दे.
मी पहिल्यांदाच बाजूच्या सीटवर,
पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत.
पवनचक्क्यांचे लाल दिवे
सगळे एकदम मिटत, एकदम उघडत.
मागे अन्सेल्मोचे उघडे पाय
माझ्या कानाशी.

फाटा आला तसा तो म्हणाला,
"तो बूट असेल का अजून?"

काय माहीत, मी म्हटलं.
डावीकडे घे.