दोन ठिपके जाड

चोवीस बाय चोवीस ठिपक्यांचं एक घर.
त्यात पाणी बसवायचं, त्यातच शाळा, सलाईन,
त्यातच भूक.
रेघ सगळीकडे दोन ठिपके जाड,
कोपरे सारखे गोल, निळा एकच,
म्हणजे तंबूवर काय, ट्रकवर काय,
जगात कुठेही एकाच माळेचे मणी.
रॉटरडॅमच्या बैठकीत माना डोलल्या.
लिस्बेथनं भुकेवर कॉफीचा कप ठेवला होता,
तो गोल डाग अजून माझ्या प्रतीवर आहे.

लोडवारला पत्र्याच्या हॉलमध्ये
कागद उडू नयेत म्हणून एकेकावर दगड ठेवला.
नासेकोन सगळ्यांत शेवटी आली.
मण्यांचे थर हनुवटीपर्यंत.
एकिडोर माझं बोलणं तिच्याकडे नेई
आणि तिचं, बरंच आखूड करून, परत आणी.

थेंब दाखवला.
"कोण रडतंय?"
पाणी आहे, म्हटलं.
तिनं दाराबाहेर बोट केलं :
पिवळे कॅन रांगेत उभे,
त्यांची माणसं सावलीत बसलेली.

दोन उतार, मधे दार.
"हे मिशनवाल्यांचं. घर मी बांधते."
टेबलावरच्या धुळीत बोट न उचलता
तिनं एक घुमट काढला, तळाशी इवलंसं दार.
"वाकल्याशिवाय आत घेत नाही, ते घर."
रेघ कुठे जाड, कुठे पुसट.
मी उगाच ठिपके मोजत राहिले.

मग माझं लाडकं, तीन आठवडे खपले होते त्यावर :
वर एक हात, खाली एक हात,
मधे काहीतरी गोल.
मदत.
नासेकोननं दगड उचलला,
कागद उलटा फिरवून माझ्यापुढे ठेवला,
दगड परत जागेवर.
मी एकिडोरकडे पाहिलं.
ती काही बोललीच नव्हती.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

जनरेटर बंद होईस्तोवर
हात आडवे करून पाहिले,
तर बँकेची जाहिरात झाली.
बोटं कमी केली, तर चमचे.
लिस्बेथला कळवलं : घर गोल केलंय, थेंबाजागी कॅन,
मदतीची चौकट रिकामी पाठवतेय.
'संचाला भोक पडेल,' ती म्हणाली.
पडू दे.

अहवालात मात्र एक रकाना भरावाच लागला :
न सांगता ओळखलेलं चिन्ह —
रिकामा वाडगा.
बत्तीस जणांपैकी बत्तीस.