रिकामं चालत नाही

रात्रीचे पावणेतीन. फुलेवाडीच्या दूध संस्थेत
सरकी पेंडीच्या पोत्याला टेकून बसलेय.
मांडीवर लॅपटॉप, काळ्या पडद्यावर
एक पांढरी रेघ, उघडमीट, उघडमीट.
पाचला पहिली किटली येणार.

सुहृद होता तोवर सगळं त्याच्या बोटांत होतं.
तो पुण्याला गेला, मागं एक फाईल ठेवून.
तीत पोर्ट पाच-चार-तीन-दोन,
पासवर्डपुढं बरोबरची खूण
आणि मग काहीच नाही.

दार ठोठावलं. जोडणी नाकारली.
आधी डेटाबेस उठवायचा असतो, मग ठोठवायचं,
एवढं तरी मला कळायला हवं.
उठवला. आता तो विचारतो, तू कोण?

सेक्रेटरी मगदूमअण्णा तिसऱ्या रिंगला खाकरले.
"पासवर्ड? आगं, माझ्या म्हशीचं नाव घातलंय की.
चांदी. आन् फुडं वेताचा आकडा."
कितवं वेत?
"पाचवं."
चांदी५. नाही.
"थांब, थांब. सुहृद होता तवा चौथं होतं."
चांदी४.
उघडलं.

नव्या आवृत्तीच्या तेरा पायऱ्या.
बारा सरसर चढल्या, तेरावी अडली:
मोबाईल हा रकाना रिकामा चालत नाही.
ओळ एकशे त्रेचाळीस.
हौसाबाई गोपाळ इंगवले. म्हशी, एक.
मोबाईल, शून्यसुद्धा नाही.
शून्य म्हणजे कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं.

दहा शून्यं टाकली. खोडली.
अट काढून टाकावी, एका ओळीचं काम.
पण मग दर दहा दिवसांनी बिलाचा मेसेज
निघेल आणि कुठंच पोचणार नाही.
"माझा घाल नंबर," अण्णा म्हणाले.
पण एक नंबर दोघांना चालत नाही,
ही अट मीच घातलेली, गेल्या दिवाळीत.

शेवटी माझा घातला.

चार चाळीस. सर्व्हिस म्हणाली, ऐकतेय,
पोर्ट आठ हजार ऐंशी.
बाहेर एम-ऐंशीचा आवाज, किटल्यांचा खडखडाट,
त्यांच्या मागं चालत, पदराखाली झाकून,
अडीच लिटरची एकच बरणी.

"चालू हाय न्हवं?"
हाय.
फॅट सात पॉइंट चार.
तिच्या हातात पावती पडायच्या आधी
माझ्या खिशात थरथरलं.