उतार

खड्डा मी न्हाणीच्या मागे घेतला,
साबणाचं पाणी पोचत नाही तिथे.
अर्धा दिवस फणसाची सावली, अर्धा दिवस ऊन.
खाली देवळात शिगम्याचे ढोल चालू होते.
दीड हातावर चिरा लागला,
पिकास ठिणग्या टाकायला लागली,
तेव्हा इनास कुंपणावरून म्हणाला,
काय रे, विहीर की थडगं?
म्हटलं, बेब्यांना घर.
तो हसला नाही.
त्याला माहीत आहे.

आम्ही दोघंच जायचो. तो पेट्रोमॅक्स धरी,
मी पकडी.
शेतांच्या मेरांवर, गुडघाभर चिखलात.
बेडूक उजेडाला भितो, पण पळत नाही.
डोळे चमकवत बसून राहतो,
जणू काही आठवायचंय त्याला.
कमरेत धरायचा, डब्यात टाकायचा.
तेलाचा डबा, पंधरा किलोचा, आतून गुळगुळीत.
घरी येईपर्यंत धप्, धप्, धप्.
पहाटे मडगावात एका हॉटेलचं मागचं दार,
तिथे पायांचे पैसे.
बाकीच्याचं काय करतात, मी कधी विचारलं नाही.
आमचा फ्रिज त्यातलाच.
अजून चालतो. ताक ठेवतो आम्ही त्यात.

एक बाजू मी उतरती केली.
हात टेकत टेकत चढता येईल इतकी सावकाश,
वर चिऱ्याचे खडबडीत तुकडे.
शेवंतीने विचारलं, ही घसरगुंडी कशाला?
सांगितलं, पिल्लांची शेपटी गळली
की तेच पाणी त्यांना बुडवतं,
बाहेर यायला वाट लागते.
ते खरंच आहे.
डब्याचं बोललो नाही.

सिमेंट नाही. वारुळाची माती,
तीन दिवस पायांनी मळलेली.
विहिरीचं पाणी, कारण नळाच्या पाण्याला औषधाचा वास.
काठाला वाळा, अळू, कोपऱ्यात माका,
आणि फुटक्या कौलांचा ढीग,
दिवसा दडून बसायला.

मग आरोग्य केंद्राचा पोरगा आला, वेलिपांचा,
हातात पिशवी, पिशवीत गप्पी मासे.
काका, साठलेलं पाणी आहे, सोडावे लागतील.
म्हटलं, मासे अंडी खातात रे. महिनाभर थांब.
डास झाले तर?
तर माझ्या नावावर लिही.
दर बुधवारी तो यायचा,
पळीने पाणी काढून मोजायचा.
तिसऱ्या बुधवारी पळीत चतुराचं पिल्लू आलं,
डासाच्या अळीला तोंडात धरून.
पोरगा बराच वेळ पळी हातात घेऊन उभा होता.
गप्पी त्याच्या घरी बरणीत आहेत म्हणे.

आषाढात एका सकाळी
पाण्यावर वाकलेल्या पेरूच्या फांदीला फेस.
शेवंती ओरडली, साबण कोणी फासला?
इनास वाकून बघत राहिला.
त्याची इझाबेल नाताळात बिबिंक करते,
चाळीस अंड्यांचा पिवळा,
उरलेला पांढरा घुसळला तर असाच दिसेल म्हणाला.
बोट लावायला पुढे केलं त्याने
आणि खिशात घातलं.
चार दिवसांनी फेस खालून विरघळला.
पाण्यात टप्. मग टप्.
स्वल्पविरामासारखे, शेपटीसकट.

दिवडही आला.
एकाला मागच्या पायाने धरून घेऊन गेला.
मी काठी उचलली.
मग भिंतीला टेकवली.
मी कोण बोलणार?

काल रात्री मोठा आला.
न्हाणीच्या दिव्यात पिवळा धमक,
हळद लागलेल्या नवऱ्यासारखा,
गळ्याला दोन निळे फुगे.
उजेड पडला तसा थांबला.
तसाच. डोळे चमकवत.

मी आत जाऊन दिवा घालवला.

अंधारात थोड्या वेळाने त्याने आवाज दिला,
लांब शेतातून कुणीतरी ओ दिली.
माझा उजवा हात आपोआप वळला होता,
कमरेच्या मापाचा.
उतारावर बसून मी तो पाण्यात घातला
आणि बोटं सुटेपर्यंत ठेवला.