साडेतीन कड्या

क्रॅडली हीथच्या कालव्यातला गाळ उपसला
तेव्हा क्लाइव्हने साखळी विकत घेतली,
म्हणजे साडेतीन कड्या.
अर्धीचे पैसे त्याने दिले नाहीत.
म्हणाला, अर्धी कडी म्हणजे नुसता आकडा.
आणून टाकली परसात, माझ्या ओल्या चादरींखाली.
एका चादरीवर तो तांबडा डाग
अजून आहे. उलटी अंथरते.

जुनं घडीव लोखंड आता कुणी करत नाही.
त्याच्या अंगात मळीचे धागे असतात,
अर्धवट कापून वाकवलं की
ओल्या फांदीसारखं चिरत जातं.
क्लाइव्ह ते मला दाखवतो. दर वेळी दाखवतो.
मी दर वेळी चष्मा लावून बघते.

मध्ये पोलादाची पट्टी, दोन्ही अंगांना हे लोखंड,
पावात चीज असतं तसं.
वर टाकणखार. मग भट्टी.
पिवळ्याच्या पुढे आणि पांढऱ्याच्या अलीकडे
एक क्षण असतो, तेवढ्यात घाव घालायचा.
त्याला तो क्षण दिसतो,
मला नुसता उजेड.

वरून कठीण, आतून मऊ
अशा माणसांचं सगळ्यांना कौतुक.
सुरीचं उलटं आहे:
मऊपण बाहेर, हट्ट आत,
आणि त्या हट्टाची केसाएवढी रेघ
खालच्या कडेला उघडी ठेवलेली.
कापते ती तेवढीच. बाकी सगळं लोखंड
तिला सांभाळायला.

पाणी पाजतो म्हणायचं आणि पाजायचं तेल,
सूर्यफुलाचं, दुकानातलं सगळ्यात स्वस्त.
त्या दिवशी घरभर
जळक्या तळणीचा वास, आणि जेवायला काहीच तळलेलं नाही.

ही सुरी लडलोच्या एका खानावळवाल्याची होती.
हात-सव्वा हात लांब, अरुंद,
भाजलेल्या मांसाचे काप काढायची.
घासता घासता मुठीजवळ
लोखंडात एक फट दिसली.
क्लाइव्हने भिंगातून पाहिलं, नखाने पाहिलं,
मग यंत्र बंद करून बसला.
जोड त्याचा नव्हता. तो खालचा, पोलादाशी,
पक्का होता.
हा कडीचाच जुना जोड,
शंभर वर्षांपूर्वी अर्धा बसलेला
आणि वरून ठोकून गुळगुळीत केलेला.

इथे बायका साखळ्या करायच्या,
मागच्या अंगणातल्या खोपट्यात, वजनावर पैसे.
क्लाइव्हची पणजी केझाया त्यांतलीच.
भात्याच्या दांडीला ती पाळण्याची दोरी बांधायची म्हणतात,
एका ओढीत दोन कामं.
ही कडी तिची असेल असं क्लाइव्ह बोलला नाही.
बोलला असता तर मी हसले असते,
गावात काय एकच केझाया होती?

पण कुणाची तरी होतीच.
कोळसा ओला निघाला असेल,
पोर रडलं असेल, किंवा शनिवार असेल
आणि तराजूवाला दारात उभा.
तिला ठाऊक होतं. हाताला कळतंच.
तरी तिने ती पुढच्या कडीत ओवली
आणि कडीने कुठल्या कुठल्या बोटी धरून ठेवल्या,
तुटली नाही,
कुणाला सांगितलंही नाही.

लडलोला दुसऱ्या कडीतली सुरी गेली.
ही आमच्याकडे राहिली.
क्लाइव्ह म्हणतो, फुकट गेली.
रविवारी तिनेच हॅम कापतो,
इतका पातळ की कापातून
ताटाची निळी नक्षी दिसते,
आणि कापताना फटीवर अंगठा ठेवतो.
गरज नसते. मुठीचा तोल तिथे नाही.

मी एवढंच सांगते:
कांदा चिरलास तर लगेच पूस.
हे लोखंड काळं पडतं.
भांड्यांत बुडवून ठेवू नकोस,
आणि माझ्या चादरीला पुसू नकोस.