दम

सुपडू आप्पाच्या आधीची तीन भावंडं गेली,
म्हणून त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं,
आणि शेजारणीनं मूठभर ज्वारी देऊन विकत घेतलं.
मरणाशी असा जुना सौदा झालेला माणूस
तिळाएवढा किंतु आला तरी
ताणलेला कामठा खाली घ्यायचा.

वैजापूरच्या वरच्या नाल्यात, अंजनाखाली,
वारा तोंडावर घेऊन आम्ही बसायचो.
वीस पावलं. पंचवीस असली
तर बाण परत भात्यात.
तोंड आपल्याकडे असेल तर नाही.
दचकलेलं असेल तर नाही.
पुढचा पाय पुढे पडू दे,
खांद्यामागं चार बोटं, जिथं कातडी
श्वासाबरोबर हलते,
तिथं, नाहीतर कुठंच नाही.
"हात नही रे, दम नेम धरस,"
एवढं बोलून तो अर्धा श्वास सोडायचा,
अर्धा छातीत ठेवायचा.

भेकर आठ-दहा पावलं चालायचं,
कुणी हाक मारल्यासारखं मागं बघायचं
आणि बसायचं.
आप्पा जवळ जाऊन आधी त्याचे डोळे मिटायचा,
मग आपले.

चौदाव्या वर्षी माझ्या हाती
राखणीची ठासणीची बंदूक आली.
दारू, चिंध्या, छर्रे, गज, टोपी.
लांबून मारता येतं
म्हणून लांबून मारलं.
धूर विरला तेव्हा चितळ तिथं नव्हती.
पळसाच्या पानावर रक्त, त्यात हिरवट,
चावलेल्या गवताचा चोथा.
आप्पानं पान नाकाशी नेलं.
"पोटात," म्हणाला.

मी धावणार, तर त्यानं मनगट धरलं.
मागं लागलास तर ती पळत मरेल,
तिला बसू दे.
दोन विड्या तो ओढत राहिला.
इतक्या लांब विड्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

मग रात्रभर.
कधी थेंब, कधी दगडावर घासलेलं अंग,
कधी नुसतं दबलेलं गवत, अजून कोमट.
भाकरी फडक्यात तशीच.
जखमी जनावर मागं ठेवून
जेवायचं नसतं, हे त्यानं सांगितलं नाही,
फक्त फडकं सोडलं नाही.

उजाडताना ती अनेरच्या पात्रात उभी होती,
पाण्याला तोंड लावून, पण पीत नव्हती.
आप्पानं कामठा माझ्याकडे केला.
माझा दम धरेना.
मग त्यानंच.

संध्याकाळी ताटलीतला तुकडा मी बाजूला सारला,
तो त्यानं परत माझ्यापुढं ठेवला.
"अर्धं मारलं होतंस. आता पुरतं खा."

पुढं कायदा आला, बंदूक ठाण्यात जमा झाली,
कामठा वळचणीला गेला,
त्यावर वालाचा वेल चढला.
आप्पा झोपेत गेला. मी वनमजूर झालो,
खाकी सदरा, शिट्टी, कुऱ्हाड.

गेल्या माघात हरभऱ्याच्या बांधाला
क्लचच्या तारेचा फास.
मागचा पाय हाडापर्यंत कापलेली चितळ,
पहाटेपासून तशीच ओढत.
साहेब फोनवर म्हणाले, हात लावू नका,
चोपड्याहून डॉक्टर निघालेत.
मी तिच्या डोळ्यावर माझी सावली धरून बसलो.
कुऱ्हाड दूर, उलटी ठेवली.
खांद्यामागं चार बोटं कातडी हलत होती.
मला दिसत होतं कुठं.
मला सगळं दिसत होतं.

डॉक्टर भले होते, तरणे होते,
गाडी पंक्चर झाली म्हणून तीनदा माफी मागितली.
पाय पाहून मान हलवली, सुई भरली.
अकरा मिनिटं, माझ्या घड्याळात.
आप्पाच्या बाणाला इतकी कधीच लागली नव्हती.
पंचनाम्यात कारण: फास.
वेळ: पावणेएक.
पहाटेपासूनचा रकाना कागदावर नव्हता.

घरी येऊन कामठा उतरवला,
त्यासाठी वेल तोडावा लागला.
बांबूची दोरी ताणून सोडली,
अजून बोलते.
परत होता तिथं अडकवला.

वेल मात्र पुन्हा धरला नाही.